कारखान्याच्या नेटवर्कवर देखरेख: एसएनएमपी व्ही-थ्री सगळीकडं एकदम करावं का?

ऊसपट्टा
नमस्कार मंडळी. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं नेटवर्क मी बघतो. ऑफिस, वजनकाटे, मिल हाऊस, डिस्टिलरी, कॉलनी आणि शेतकी खात्याची गट ऑफिसं धरून साठेक स्विच, थोडे राउटर, लिनक्स आणि विंडोज सर्व्हर, शिवाय यूपीएस. देखरेखीला झॅबिक्स हे सॉफ्टवेअर आहे आणि ते चांगलं चालतंय. पण सगळं पोलिंग, म्हणजे उपकरणांना आकडे विचारणं, एसएनएमपी या देखरेखीच्या भाषेच्या जुन्या व्ही-टू-सी आवृत्तीवर, आणि कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे तिचा परवलीचा शब्द, माझ्या आधीपासून 'पब्लिक' अशीच चालत आलेली.

परवा ऑडिटरनं कॉलनीतल्या एका पोर्टला लॅपटॉप लावला आणि काट्यावरच्या स्विचची कुंडली माझ्यासमोर वाचून दाखवली. कोणता पोर्ट कुठं जातो, कोणत्या आयपीमागं कोणता मॅक, स्विच कधी रीस्टार्ट झाला, सगळं. त्याला कुठंच पासवर्ड टाकावा लागला नाही.

सध्या कारखाना बंद आहे, म्हणून हात घालता येईल. एकदा गव्हाणीत मोळी पडली की मग काट्याच्या नेटवर्कला बोट लावायची सोय नाही, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग उभी असते. माझं विचारणं असं की सगळीकडं एकाच झपाट्यात व्ही-थ्री ही सुरक्षित आवृत्ती करून टाकावी का टप्प्याटप्प्यानं? काही जुने स्विच व्ही-थ्री ओळखतच नाहीत, त्यांचं काय करायचं? आणि विंडोज सर्व्हरवर व्ही-थ्रीचा पर्याय मला सापडेना, तो असतो कुठं?

वाळूजकर
शेवटचं आधी सांगतो. विंडोजमध्ये तो पर्याय नाहीच. विंडोजची स्वतःची एसएनएमपी सेवा फक्त व्ही-वन आणि व्ही-टू-सी बोलते आणि मायक्रोसॉफ्टनं सर्व्हर २०१२ पासून तिला निवृत्तीच्या यादीत घातलंय. ती सेवा चालू असली की कम्युनिटी माहीत असणाऱ्याला त्या मशीनवरच्या युजर खात्यांची नावंसुद्धा वाचता येतात. सरळ काढून टाका. झॅबिक्स एजंट बसवा आणि एजंट-सर्व्हरमधलं बोलणं पीएसके (दोन्हीकडं आधीच ठरवलेली किल्ली) लावून एन्क्रिप्ट करा. एक ध्यानात ठेवा, पीएसकेची 'आयडेंटिटी' वायरवर उघडी जाते, तेव्हा तिच्यात गुपित काही लिहू नका. गुपित फक्त किल्ली.

आता व्ही-थ्री. याची प्रमाणं डिसेंबर २००२ मधली आहेत, आरएफसी (इंटरनेटचे प्रमाण दस्तऐवज) ३४११ ते ३४१८. म्हणजे नवं काही नाही, आपणच वापरत नाही. तीन पातळ्या असतात. 'नोऑथनोप्रिव्ह' म्हणजे फक्त युजरचं नाव, 'ऑथनोप्रिव्ह' म्हणजे पासवर्डनं खात्री पण मजकूर उघडा, आणि 'ऑथप्रिव्ह' म्हणजे खात्री आणि एन्क्रिप्शन दोन्ही. फक्त तिसरी वापरा. पहिलीत आणि 'पब्लिक' मध्ये सुरक्षेच्या दृष्टीनं काडीचा फरक नाही, तरी कागदावर 'व्ही-थ्री केलं' असं दिसतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

खात्रीसाठी एमडी-फाइव्ह आणि एन्क्रिप्शनसाठी डीईएस या जुन्या पद्धती टाळा. उपकरणाला झेपत असेल तर एसएचए-२५६ घ्या, ते २०१६ च्या आरएफसी ७८६० मध्ये आलं. नसेल तर एसएचए-वन आणि एईएस-१२८. खात्रीचा आणि एन्क्रिप्शनचा, दोन्ही पासफ्रेज वेगवेगळे आणि लांब ठेवा. आठ अक्षरं ही कमीत कमी अट आहे, तेवढ्यावर थांबू नका.

स्टीलनगरी
वाळूजकर साहेब, मान राखून सांगतो, एवढा खटाटोप लागत नाही. आम्ही जालन्यात रोलिंग मिलला व्ही-टू-सी च ठेवलंय. कम्युनिटी अवघड केली, स्विचवर अ‍ॅक्सेस लिस्ट लावली, फक्त मॉनिटरिंग सर्व्हरच्या आयपीला उत्तर. काम झालं. भट्टीजवळच्या स्विचवर प्रयोग करत बसायला वेळ कुणाला आहे?

वाळूजकर
अ‍ॅक्सेस लिस्ट हवीच, तिथं तुमच्याशी एकमत. पण तिच्यावर सगळा भार टाकू नका. एसएनएमपी यूडीपी १६१ वर चालतं. यूडीपीत आधी हात मिळवणं नसतं, त्यामुळं पाकिटावर खोटा सोर्स आयपी टाकता येतो. उत्तर हल्लेखोराकडं येणार नाही, खरं आहे. पण लिहिण्याची, म्हणजे आरडब्ल्यू कम्युनिटी चालू असेल तर त्याला उत्तराची गरजही नसते. 'तुझी कॉन्फिग अमुक टीएफटीपी (फाइल घेणाऱ्या) सर्व्हरला पाठव' एवढा एक सेट संदेश खोट्या पत्त्यावरून दिला तर सिस्कोच्या अनेक उपकरणांवर आख्खी कॉन्फिग बाहेर जाऊ शकते. आणि कम्युनिटी कितीही अवघड केली तरी वायरवर ती साध्या अक्षरांतच असते. मधे कुणी ऐकत बसला तर पहिल्याच पाकिटात मिळते.

स्टीलनगरी
आरडब्ल्यू आमच्याकडं बंद आहे. पण वायरवर ऐकण्याचा मुद्दा मान्य. मिलच्या पॅनेल रूममध्ये कोणीही येतं-जातं, ठेकेदाराची माणसं असतात, स्विचचं कपाट उघडंच असतं.

मांजरा
लातूरहून राम राम. लिनक्सवरच्या नेट-एसएनएमपी या एसएनएमपी सॉफ्टवेअरबद्दल लिहितो, तिथं लोक नेमके अडकतात.

युजर तयार करण्याआधी त्याची एसएनएमपीडी ही सेवा बंद करा. युजरची ओळ ज्या फाइलमध्ये जाते (डेबियन-उबंटूत ती व्हार-लिब-एसएनएमपी खाली, रेड हॅट घराण्यात व्हार-लिब-नेट-एसएनएमपी खाली) ती फाइल सेवा बंद होताना स्वतः पुन्हा लिहिते. सेवा चालू असताना तुम्ही हातानं काही लिहिलं की पुढच्या रीस्टार्टला ते पुसलं जातं, आणि माणूस रात्रभर पासवर्ड तपासत बसतो. सेवा सुरू झाली की तुमचा साधा पासफ्रेज त्या फाइलमधून जातो आणि त्या जागी त्या मशीनपुरती बनवलेली किल्ली येते. हे व्यवस्थित आहे, घाबरू नका.

मुख्य कॉन्फिगमध्ये त्या युजरला फक्त वाचण्याचा हक्क द्या आणि पातळीच्या जागी 'प्रिव्ह' स्पष्ट लिहा. ते लिहिलं नाही तर एन्क्रिप्शनशिवाय आलेली विचारणाही स्वीकारली जाते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्ह्यू आखा, म्हणजे युजरला काय काय वाचता येईल त्याची हद्द. सगळं झाड उघडं ठेवू नका. होस्ट रिसोर्सेस मिबमध्ये (मिब म्हणजे एसएनएमपीवर मिळणाऱ्या माहितीचा तक्ता) चालू प्रोसेसची यादी असते आणि तिच्या शेजारच्या रकान्यात त्या प्रोसेसला दिलेले पॅरामीटर. कुणी बॅकअप स्क्रिप्टला डेटाबेसचा पासवर्ड कमांड लाइनवर दिला असेल तर तो तिथं जसाच्या तसा वाचता येतो. सिस्टिम, इंटरफेस, डिस्क, मेमरी, लोड एवढंच झॅबिक्सला लागतं. तेवढंच द्या.

याच कारणानं तपासताना एसएनएमपीवॉक या आज्ञेला पासफ्रेज कमांड लाइनवर देऊ नका. शेलच्या हिस्टरीत राहतो. होम फोल्डरमध्ये एसएनएमपीची आपली कॉन्फिग फाइल ठेवा, तिचे हक्क फक्त स्वतःपुरते.

दुधना
शीर्षकात कारखाना बघून उसाला काय भाव निघाला ते वाचायला आलो होतो. आता 'व्ह्यू आखा' वाचून घरच्या राउटरची कॉन्फिग उघडून बसलोय. चालू द्या, वाचतोय.

गोदाकाठ
नांदेडहून. आमच्या कॉलेजात व्ही-थ्री केल्यावर काही उपकरणं मधूनच गप्प व्हायची. कारण घड्याळ. व्ही-थ्रीत १५० सेकंदांपेक्षा वेळ इकडं-तिकडं झाली की संदेश नाकारला जातो. तेव्हा आधी सगळीकडं एनटीपी, म्हणजे घड्याळं जुळवणारी सेवा, लावा.

पूर्णामाई
गोदाकाठ दादा, १५० सेकंद बरोबर, पण ते भिंतीवरचं घड्याळ नव्हे. प्रत्येक एसएनएमपी इंजिन, म्हणजे उपकरणातला एसएनएमपी बोलणारा भाग, दोन आकडे सांभाळतं. आपण आजवर किती वेळा सुरू झालो, आणि शेवटचं सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले. मॉनिटरिंग सर्व्हर ते आकडे उपकरणाकडून शिकतो आणि पुढच्या संदेशात वापरतो. उपकरणाची तारीख १९७० दाखवत असली तरी व्ही-थ्री बिनतक्रार चालेल.

उपकरणं गप्प होण्याचं खरं कारण बहुतेक वेगळं असतं. काही स्वस्त उपकरणं, विशेषतः यूपीएसमधली नेटवर्क कार्डं, 'किती वेळा सुरू झालो' हा आकडा नीट साठवत नाहीत. लाइट गेली, कार्ड रीस्टार्ट झालं, आकडा पुन्हा मागं गेला. सर्व्हरला मोठा आकडा आठवतो, म्हणून त्याला ते जुनंच पाकीट कुणीतरी परत पाठवल्यासारखं वाटतं आणि तो ते फेकून देतो. आपल्याकडं लाइटीचं जे चालतं त्यात हे वरचेवर होणारच. फर्मवेअर नवं करून बघा. तोवर झॅबिक्समध्ये एसएनएमपी कॅशे रीलोड करण्याची आज्ञा आहे, ती दिली की सर्व्हर जुनं विसरतो.

मी परभणीत शिकवते. हा भाग मुलांना प्रत्यक्ष पाकिटं दाखवून समजावते, म्हणून एवढं लिहिलं.

गोदाकाठ
ताई, धन्यवाद. आमची गप्प होणारी सगळी यूपीएसचीच कार्डं आहेत! एनटीपी लावलं त्याच दिवशी सर्व्हरही रीस्टार्ट केला होता, त्यामुळं एनटीपीनं सुटलं असं वाटलं असणार.

बालाघाट
तरी एनटीपी लावाच, वेगळ्या कारणासाठी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायला सांगितलंय, लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत आणि ठरावीक प्रकारच्या घटना ६ तासांत कळवायच्या आहेत. स्विचची वेळ चुकीची असली तर त्या ६ तासांत तुम्ही लॉगमधून काय जुळवणार?

मी बीडमध्ये एका सहकारी बँकेचं काम करतो. आमच्याकडं रिझर्व्ह बँकेच्या ३१ डिसेंबर २०१९ च्या सायबर सुरक्षेच्या चौकटीमुळं हे सगळं करावंच लागलं. त्यातली एक गोष्ट सांगतो, कुठंच ठळक लिहिलेली नसते. सिस्को आयओएसवर व्ही-थ्रीचे युजर चालू कॉन्फिगमध्ये दिसत नाहीत. ग्रुप दिसतो, व्ह्यू दिसतो, युजर दिसत नाही. म्हणजे स्विच जळाला, तुम्ही बॅकअपमधली कॉन्फिग नव्या स्विचवर चढवली, तर सगळं येतं पण देखरेख येत नाही. किल्ली त्या उपकरणाच्या इंजिन आयडीशी (एसएनएमपी इंजिनच्या ओळख क्रमांकाशी) बांधलेली असते, त्यामुळं नव्या स्विचवर युजर नव्यानंच करावे लागतात. आमच्या एका शाखेत ठेकेदारानं स्विच बदलला आणि बरेच दिवस ती शाखा झॅबिक्सवर लाल होती, सगळे लाइन खराब समजून बसले. युजर तयार करायच्या ओळी कुलूपबंद जागी, पासवर्ड मॅनेजरमध्ये, वेगळ्या लिहून ठेवा.

मांजरा
इंजिन आयडीवरून आणखी एक. व्हर्च्युअल मशीन क्लोन करून सर्व्हर बनवत असाल तर इंजिन आयडीही क्लोन होतो. दोन सर्व्हरांचा आयडी एक झाला की झॅबिक्स दोघांचे आकडे एकमेकांत मिसळतं. एक हिरवा तर दुसरा लाल, पाच मिनिटांनी उलटं. क्लोन केल्यावर सेवा बंद करून ती व्हार-लिबमधली फाइल काढा आणि युजर नव्यानं करा. टेम्पलेटमध्ये युजर आधीच घालून ठेवू नका.

स्टीलनगरी
एईएस-२५६ का कुणी सुचवत नाही? मोठा आकडा बरा ना?

वाळूजकर
बरा, पण एसएनएमपीसाठी एईएस-१९२ आणि २५६ यांचं प्रमाण आरएफसी म्हणून कधी आलंच नाही. एईएस-१२८ चं आहे, २००४ चं आरएफसी ३८२६. त्यापुढं प्रत्येक कंपनीनं किल्ली लांब करायची आपापली रीत वापरली. म्हणून झॅबिक्समध्ये एईएस-२५६ आणि 'सी' लावलेलं एईएस-२५६ असे दोन पर्याय दिसतात, दुसरा सिस्कोच्या रीतीचा. चुकीचा निवडला तर पासवर्ड बरोबर असूनही उत्तर येत नाही. मिश्र कंपन्यांची उपकरणं असतील तर १२८ वर एकमत करा, तेवढ्यानं चोर अडतो.

ऊसपट्टा
इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. विंडोजचं कळलं, एजंट बसवायला सुरुवात केली. आता जुन्या स्विचांचं सांगा. ते डिस्टिलरीत आणि काट्यावर आहेत. बदलायचे म्हटलं तर संचालक मंडळाची मंजुरी पुढच्या वर्षी.

वाळूजकर
तिथं झॅबिक्स प्रॉक्सी बसवा, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या वतीनं तिथलेच आकडे गोळा करणारा मदतनीस. जुना पण धड असलेला छोटा पीसी चालेल. प्रॉक्सी डिस्टिलरीच्या खोलीतच, जुन्या स्विचांशेजारी. स्विचांचा मॅनेजमेंट व्हीलॅन (त्याच स्विचांवर आखलेलं स्वतंत्र नेटवर्क) वेगळा करा आणि त्यात प्रॉक्सीशिवाय दुसरं काही नको. व्ही-टू-सी फक्त त्या हातभर वायरीवर चालेल. प्रॉक्सीपासून मुख्य सर्व्हरपर्यंत टीएलएस एन्क्रिप्शन. मधली फायबर तुटली तर प्रॉक्सी आकडे स्वतःजवळ साठवून ठेवतो आणि लाइन आली की पाठवतो, हा वरचा फायदा. हंगामात जेसीबीनं फायबर तुटणं काही नवल नाही.

स्टीलनगरी
हे मात्र आमच्याकडंही करण्यासारखं आहे. भट्टीकडचे स्विच अशानं सुटतील.

पण जुने स्विच वाचवायचेत तर आधी उन्हाळ्याचं बघा. आमच्याकडं पत्र्याच्या केबिनीत मे महिन्यात बाहेर ४३ अंश असतं, आतलं तर विचारूच नका. ऑफिसात वापरायचे बरेच स्विच ४०-५० अंशांपर्यंतच चालतील असं त्यांच्या कागदावरच असतं. तापमानाचा आकडा एसएनएमपीवर मिळतो, त्यावर अलार्म लावा. आम्ही आता दुपारी अलार्म वाजला की केबिनीचा पंखा तपासायला माणूस पाठवतो.

पूर्णामाई
तापमानावरून आठवलं, आलेखाचंही बघा. व्ही-वनमध्ये ६४ बिटचे काउंटरच नाहीत, आणि व्ही-टू-सी, व्ही-थ्रीतही टेम्पलेट जुनं असलं तर ३२ बिटचे वाचले जातात. गिगाबिट लाइन भरून वाहत असली तर ३२ बिटचा काउंटर ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो. पाच मिनिटांनी वाचणाऱ्याला त्यातलं काय कळणार? व्ही-थ्री करताना टेम्पलेटमध्ये 'एचसी' असलेले, म्हणजे ६४ बिटचे, काउंटर आहेत का तेही बघून घ्या.

काटा_पावती
वाचनमात्र होतो, पण हे सांगितलंच पाहिजे. मी हिंगोलीकडं काट्याच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. नेटवर्क प्रिंटरची कम्युनिटी बदलण्याआधी विंडोजच्या प्रिंटर पोर्टची सेटिंग उघडून बघा. टीसीपी-आयपी पोर्टमध्ये 'एसएनएमपी स्टेटस' चालू असतं आणि तिथं कम्युनिटी 'पब्लिक' भरलेली असते. तुम्ही प्रिंटरवर 'पब्लिक' बंद केलं की विंडोज प्रिंटरला ऑफलाइन समजतं. प्रिंटर धडधाकट, केबल धड, पण पावती निघत नाही. खाली ड्रायव्हर गाडी लावून उभा, मागं पन्नास गाड्या हॉर्न देतात, आणि काटा क्लार्क प्रिंटरवर थापा मारतो. आधी सगळ्या काटा पीसींवर ते एसएनएमपी स्टेटसचं टिक काढा, एक पावती छापून बघा, मगच प्रिंटरला हात लावा.

ऊसपट्टा
बाप रे. हे हंगामात घडलं असतं तर मला शेतकऱ्यांपुढं उभं राहता आलं नसतं. उद्याच बघतो.

बालाघाट
आता तुमच्या पहिल्या प्रश्नावर येऊ, एकदम का टप्प्यानं. माझं मत टप्प्यानं, पण शेवट ठरलेला हवा. बऱ्याच ठिकाणी काय होतं, व्ही-थ्री जोडतात, झॅबिक्स हिरवं होतं, फोटो काढून अहवालात लावतात आणि व्ही-टू-सी बंद करायचं राहूनच जातं. मग 'पब्लिक' तसंच उघडं. मुख्य दाराला नवं कुलूप आणि मागचं दार सताड, अशी गत. प्रत्येक स्विचचं काम व्ही-टू-सी ची ओळ काढल्यावरच पूर्ण झालं असं वहीत लिहा, आधी नाही.

मांजरा
+१. आणि ओळ काढण्याआधी तिच्यावर अजून कोण अवलंबून आहे ते शोधायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. आधी व्ही-टू-सी ची कम्युनिटी फक्त बदला. मग त्या उपकरणाचा 'चुकीच्या कम्युनिटीनं आलेल्या विचारणा' मोजणारा काउंटर बघा, तो एसएनएमपीच्याच मिबमध्ये असतो आणि व्ही-थ्रीनं वाचता येतो. जिथं मिळत नाही तिथं ऑथेंटिकेशन फेल्युअरचा ट्रॅप (उपकरणानं स्वतःहून पाठवलेला इशारा) चालू करा. काउंटर वाढत असेल तर कुणीतरी अजून जुन्या नावानं दार वाजवतंय. वाढत नसेल तर बिनधास्त काढा.

ट्रॅप व्ही-थ्रीनं घ्यायचे असतील तर इंजिन आयडी पाठवणाऱ्याचा लागतो, म्हणजे घेणाऱ्या सर्व्हरवर प्रत्येक स्विचच्या आयडीसकट युजर नोंदवावा लागतो. इन्फॉर्म, म्हणजे पोच मागणारे इशारे, वापरले तर घेणाऱ्याचा. इथं खूप जण घोळ घालतात.

ऊसपट्टा
अपडेट देतो. काट्यावरच्या एका स्विचवर सगळं क्रमानं केलं. मॅनेजमेंट व्हीलॅन, अ‍ॅक्सेस लिस्ट, वाचण्यापुरता व्ह्यू, एसएचए आणि एईएस-१२८ चा युजर. झॅबिक्सला व्ही-थ्रीनं आकडे येतायत. कम्युनिटी बदलली आणि मांजरा भाऊंनी सांगितलेला काउंटर लावून ठेवला. तो दर मिनिटाला वाढत होता.

पोर्ट मिरर करून १६१ वरची पाकिटं बघितली तर विचारणा अकाउंट्समधल्या एका कपाटामागच्या पीसीवरून येत होती. त्यावर आधीच्या ठेकेदारानं त्याचं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर ठेवलेलं, ते अजून चालू, आणि त्या पीसीला रिमोट डेस्कटॉपही बाहेरून उघडं.

वाळूजकर
त्या पीसीची नेटवर्क केबल आत्ता काढा. डिस्क पुसू नका, पीसी बंद करून बाजूला ठेवा आणि व्यवस्थापनाला लेखी कळवा. फायरवॉलवर त्या रिमोट डेस्कटॉपचा नियम काढा, त्याआधी त्या नियमाचे लॉग उतरवून घ्या, कुठून कुठून आत आलेत ते कळेल. त्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या राउटरची आरडब्ल्यू कम्युनिटी साठवलेली असू शकते, तेव्हा स्विचांआधी आज राउटरच घ्या.

ऊसपट्टा
केबल काढली. लॉग उतरवतोय. राउटरला आत्ताच बसतो.

बालाघाट
सर्ट-इनच्या ६ तासांचं घड्याळ लक्षात आल्यापासून चालू होतं. लॉगमध्ये बाहेरून कुणी आत आल्याचं दिसलं तर ते आजच कळवा, मंडळाच्या बैठकीची वाट बघू नका. अर्जाचा नमुना त्यांच्या संकेतस्थळावर आहे. भरताना अडलं तर इथंच लिहा, मी जागा आहे.